लोखंड्याची खरी गोष्ट

२१ फेब्रुवारी १९८५, गुरुवार

ही डायरी मी कामाला आहे त्या शारजाच्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात गिऱ्हाइकांना वाटून उरली होती, ती मी उचलली. अरबी, म्हणून उजवीकडून उघडते. पाचवी शिकलेल्या माणसाला आधीच लिहायचा कंटाळा, त्यात पानं उलटी. तरी लिहितो. घरात तोंड उघडलं की सगळे तिकडच्या गमती सांगायला लावतात, आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं.

टी.व्ही. आणि व्हीसीआर आज घरी पोचले. बेळगाव स्टँडवर कंडक्टर खोकं आत घेऊ देईना. कन्नडात ओरडला. मी कन्नडात उत्तर दिल्यावर तो मराठीत भांडायला लागला. शेवटी खोकं मांडीवर घेऊन आलो. पाय अजून मुंगळे चावल्यासारखे करतायत.

आईनं मशीनला हळदकुंकू लावायला घेतलं. आप्पानं नुसतं तिच्याकडं बघितलं. तिनं वाटी परत ठेवली, पण पदरानं काच पुसली आणि बोटं मोडून दृष्ट काढलीच.

मनात आहे ते लिहून ठेवतो. मला परत जायचं नाही. मे महिन्यापर्यंत रजा आहे. तोवर इथं व्हिडिओ लावायला धड जागा मिळाली तर त्या भट्टीत कोण जातंय. वस्तीत एवढी मोठी खोली नाही, आणि दिवे लागायच्या वेळेला आमच्याकडचा करंट असा पडतो की टी.व्ही.तली माणसं उकडलेल्या शेवग्यासारखी वाकडी होतात. गावात देवळाच्या शेजारी पंचायतीचा हॉल आहे. करंट दणदणीत. रिकामाच पडलाय, आत कुणीतरी गवत भरून ठेवलंय. तो हॉल मिळाला पाहिजे. बस्स.

हिंदी सिनेमे बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानात कुणालाही भाड्यानं मिळतात. पण माझ्याकडं जे आहे ते अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडं नाही. लोखंड्या.

२३ फेब्रुवारी

काल वस्तीत पहिला खेळ. टी.व्ही. आमच्या सोप्यात, माणसं अंगणात. गावातली पोरं पण आलती, आधी चिंचेखाली उभी राहिली, मग हळूहळू पुढं सरकली.

हे कार्टून जपानचं. शारजाच्या टी.व्ही.वर अरबीत लागायचं. तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं निम्मी व्हायची, सगळी पोरंबाळं घरात. गोष्ट अशी. समुद्राकाठी एक भंगारवाला म्हातारा राहतो. त्याला एक टाकलेलं पोर सापडतं. ते सामी. म्हातारा आणि सामी बुडालेल्या बोटींचं लोखंड गोळा करून ताडाएवढा पुतळा बनवतात. तो चालायला लागतो. आकाशातून काळा राजा येतो, मोठमोठी शहरं फोडतो, आणि शिकल्यासवरलेल्यांची सगळी यंत्रं मोडतात तेव्हा हा भंगाराचा गडी उभा राहतो. शेवटी सामी त्याच्यात बसून आकाशात जातो, काळ्या राजाला संपवतो, पण परत येत नाही. म्हातारा किनाऱ्यावर कंदील घेऊन बसून राहतो. अरबीत पुतळ्याचं नाव काहीतरी अवघड आहे. मी लोखंड्या केलं.

अरबी मला कामापुरतं येतं. मी टी.व्ही.शेजारी उभं राहून मराठीत सांगत होतो. सुरुवातीची आणि शेवटची कॅसेट आहे, मधलं तोंडी सांगितलं. कंदिलाच्या वेळेला पारूआत्या एवढी रडली की मला थांबावं लागलं. असं कधी माझं कुणी ऐकलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

डोकं फुटायची पाळी आलीय.

काल दुसरा भाग म्हणून सिनेमा लावला. आज तिसरा भाग म्हणून तांबडा लोखंड्या नावाची आणखी एक कॅसेट. दुकानाच्या मालकानं टी.व्ही.च्या कॅसेटी, सिनेमा, तांबडा आणि एक चित्रांचं पुस्तक सगळं एका पिशवीत दिलतं, मला वाटलं एकामागून एक असणार. सिनेमा जपानी भाषेतच आहे, एक शब्द कळत नाही. चालू केला तर सामी परत लहान. म्हातारा दहा मिनिटांत मेला. टी.व्ही.त सामीला आंधळी बहीण होती, ती इथं गायब. आणि शेवटी लोखंड्या सामीला घेऊन समुद्रात बुडाला.

पारूआत्या म्हणाली, “धर्मा, काल कंदील घेऊन बसलेला म्हातारा, त्यो आधीच मेलता व्हय रं?”

मी म्हटलं हे स्वप्न आहे. दुसरं काय सांगणार.

आज तांबडा लावला. त्यात सामी समुद्रातून वर येतो, काळ्या राजाचा सरदार होऊन. आकाशात गेलेला माणूस समुद्रातून कसा वर येईल? लोक मला विचारतात, जसं काय मीच ते काढलंय. मायाप्पाकाका उठून गेला. जाताना म्हणाला, तिकडं जाऊन पोरगं थापा मारायला शिकलं.

२६ फेब्रुवारी

दुकानातला रॉमी मला हे सांगत होता. तो फिलिपिन्सचा, त्याला असल्या गोष्टींचं वेड. मी तेव्हा कॅसेटी पुसत नुसतं हूं हूं केलं. आता आठवून आठवून जुळवलं ते असं.

मुळात चित्रांचं पुस्तक. एका माणसानं काढलं, दर महिन्याला थोडं थोडं. ते अर्धं झालं असताना टी.व्ही.वाल्यांनी घेतलं. त्यांची घाई, म्हणून शेवट त्यांनी आपल्या मनानं केला, तो कंदिलाचा. पुस्तकवाल्यानं आपलं पुस्तक सावकाश संपवलं, त्याचा शेवट निराळाच. सिनेमावाल्यांनी टी.व्ही.तली माणसं घेतली पण गोष्ट पहिल्यापासून धरली, दीड तासात बसावी म्हणून बहीण कापली आणि म्हाताऱ्याला लवकर मारलं. तांबडा हा सिनेमाच्या पुढचा. टी.व्ही.च्या पुढचा नव्हे. म्हणजे हे चार भाग नाहीत. एका बापाची चार पोरं आहेत, वाटणी करून वेगळी राहिलेली. एका चुलीवरचं दुसऱ्या ताटात वाढायला गेलं की घोटाळा.

हे मी सगळ्यांना बसवून सांगितलं. वाटलं, आता तरी वाहवा म्हणतील. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. पारूआत्या म्हणाली, लक्ष्मीची गोष्ट पण या गावात एक, त्या गावात एक. तेवढ्यासाठी एवढा घसा कशाला कोरडा केलास.

आप्पा पूर्वी जलशात होता. गावोगाव बाबासाहेबांची गाणी म्हणत फिरायचा. त्याला मात्र यात चव आली. म्हणाला, “आमीबी तेच केलं. तमाशाच्या चाली घेतल्या, त्यातला गणपती काढला, गवळण काढली, आपलं घातलं. चाल त्यांची, बोल आमचं.” मग म्हणाला, “त्या पुस्तकवाल्याला कुणी इचारलं का रं, तुझा शेवट काय म्हणून?”

पुस्तक आहे माझ्याकडं, शेवटचा खंड. त्यात लढाई संपल्यावर सामी कुठंच जात नाही. लोखंड्याचे खिळे काढतो, त्याच्या पत्र्याच्या नावा करतो, आणि किनाऱ्यावरच दुकान टाकतो. मला तर हा शेवट लई फिका वाटतो. एवढा मोठा गडी, आणि शेवटी दुकान.

आप्पा ती पानं पुन्हा पुन्हा बघत होता. उलटीकडून, कारण हे पुस्तकही या डायरीसारखं उजवीकडून उघडतं.

४ मार्च

भावकूअण्णा आलता. पंचायतीत मेंबर आहे, आणि जत्रेचं नाटक दरवर्षी तोच उभं करतो. वस्तीच्या तोंडाशी, नळाजवळ उभं राहून मला हाक मारली. आई म्हणाली घरात या की. तो म्हणाला घाई आहे, आणि मग अर्धा तास तिथंच उभं राहून बोलला.

गावातल्या पोरांनी लोखंड्याचं येड घेतलंय. शेजारच्या गावानं गेल्या जत्रेत नाटकात खरा घोडा आणलता, तेव्हापासून आमच्या गावाचं नाक खाली आहे. तर यंदा ऐतिहासिक नको, लोखंड्याच बसवायचा. गोष्ट तुला ठाऊक, तू पाहिजेस.

मी हॉलचं काढलं. अण्णा म्हणाला, “जत्रा होऊ दे. मग बघूया की. तू काय परका हायस?”

दिवसभर मी हेच घोकतोय. परका नाही म्हणाला.

१० मार्च

तालीम देवळापुढच्या मांडवात. मी रस्त्याकडच्या कट्ट्यावर बसतो. मांडवात माणसं फार, आणि कट्ट्यावर वारं लागतं. चहा सगळ्यांना पेल्यात, मला कान तुटलेल्या कपात. शारजात मी दुधाच्या डब्यात चहा पितो, मला काय त्याचं. डोक्याला ताप आहे तो वेगळाच.

नाटक लिहितायत शामू गुरुजी. त्यांना मी चार पोरांची वाटणी समजावून सांगितली. मान डोलावली, आणि सगळं एकाच परातीत कालवलं. टी.व्ही.तली बहीण पाहिजे, कारण रडायला बाई लागते. सिनेमातलं मरण पाहिजे, कारण मरताना पदं म्हणता येतात. तांबड्यातला सरदार पाहिजे, कारण तलवारीची लढाई पाहिजे. मी म्हटलं, गुरुजी, सामी बुडून मेला तर आकाशात कसा जाईल, आणि आकाशात गेला तर सरदार कसा होईल? गुरुजी म्हणाले, मधी पडदा आहे ना.

पडदा आहे म्हणे.

१७ मार्च

आज भांडण झालं. सामी आता भंगारवाल्याचं पोर नाही. राजाचं पोर आहे. लहानपणी नदीत वाहून आलेलं, दंडावर राजाची खूण. सामीचं काम मष्णू करणार. मष्णू म्हणजे पाटलाचा पुतण्या, आवाज चांगला आहे, ते नाकारत नाही. पण राजाचं पोर?

मी म्हटलं, या गोष्टीत बाकी काही बदला, हे बदलू नका. लोखंड्या सामीचं ऐकतो, कारण त्यानं एकेक पत्रा स्वतःच्या हातानं ठोकलाय. राजाच्या पोराचं तो का ऐकेल? चारी ठिकाणी सामी भंगाराचाच आहे. चौघं बाकी कशातच एक नाहीत, पण यात आहेत.

गुरुजी म्हणाले, लोकांना पटायला पाहिजे रे. भंगार गोळा करणारा जग वाचवतो म्हणजे हसतील.

तिकडं रस्ते ओस पडायचे, कुणी हसत नव्हतं, मी म्हटलं.

भावकूअण्णानं मिटवलं. “धर्मा, गोष्ट तुझी. नाटक गावाचं.”

 यावरची चार उत्तरं मला घरी येताना सुचली, तोवर वस्ती आली.

२४ मार्च

मला काम मिळालं. आणि कुठलं? खुद्द लोखंड्याचं.

अण्णा म्हणाला, उंच आहेस, अंगानं दणकट, आणि तो चालतो कसा हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक. मी तिथल्या तिथं चालून दाखवलं. आधी टाच, मग दम खाऊन खांदा. मष्णूसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. संवाद नाहीत, पण लोखंड्याला संवाद कुठल्याच कॅसेटमध्ये नाहीत.

तेलाचे डबे कापून, ठोकून अंग करायचं. ते मीच करणार. डोक्यासाठी मोठा डबा, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. डोकं खांद्याला बोल्टनं आवळायचं, नाहीतर चालताना फिरतं. बोल्ट बाहेरून.

घरी सांगितलं. आई खूश. आप्पानं विचारलं, “तुझं तोंड दिसणार हाय का?”

मी म्हटलं लोखंड्याला तोंडच नसतं, तीच तर गंमत आहे. आप्पानं तंबाखू मळली आणि अंगणात गेला. त्याला नाटकातलं एवढं कळतं, आणि साधी गंमत कळत नाही.

६ एप्रिल

हॉलमधलं गवत काढायला लागलेत. म्हणजे खरं आहे. अण्णा म्हणाला, दारावर मष्णू बसेल, तिकिटं तो फाडेल, मशीन हॉलमध्येच राहील. तू यायचं, मशीन लावायचं, मागच्या दारानं जायचं. दाराशी बसून माणसं मोजायचा मला तसाही कंटाळा. बरंच झालं.

आप्पाला हे सांगितलं नाही. विचारतो फार.

१५ एप्रिल

काल जयंती. मी दिवसभर वस्तीत होतो, पण दिवे लागायच्या सुमाराला तालमीला गेलो, कारण जत्रा तोंडावर आलीय. परत येतो तर विहारात सगळी वस्ती बसलेली, मधोमध आप्पा, पुढं मायाप्पाकाका ढोलकी घेऊन. आणि आप्पा काय सांगत होता? लोखंड्या.

चार पोरं, पाचवं गावाचं नाटक, आणि आता हा सहावा.

उभा राहून ऐकलं. पुस्तकातलंच होतं बरंचसं, पण मधी मधी काय वाटेल ते. पुतळा तयार होतो, पहिल्यांदा डोळे उघडतो, तेव्हा म्हातारा त्याच्या कानाशी जाऊन म्हणतो, बाबा, तुला आम्ही कुणीतरी टाकलेल्यातून केलंय, तू कुणापुढं वाकू नको. मग ढोलकी. लोक डोळे पुसतायत.

मी घरी आल्यावर म्हटलं, आप्पा, असलं एक वाक्य कुठल्या कॅसेटमध्ये नाही. म्हातारा त्याला फक्त ‘चल’ म्हणतो. अरबीत ‘यल्ला’.

आप्पा म्हणाला, “मला कुठं अरबी येतंय.”

गावाला सांगावं तर गाव ऐकत नाही, घरात सांगावं तर घर ऐकत नाही. या गोष्टीचा एकटा वाली मी, आणि माझ्याच पाठीमागं सगळे तिचे लचके तोडतायत.

२२ एप्रिल

उद्या नाटक. पत्र्यानं दोन्ही खांदे सोललेत. आई खोबरेल लावते आणि तोंडानं सगळ्यांचा उद्धार करते. अण्णानं आज सगळ्यांसमोर सांगितलं, जत्रा संपली की हॉलची किल्ली धर्माकडं. मी रॉमीला पत्र टाकून दिलं, माझी खाट दुसऱ्याला दे.

२४ एप्रिल

झालं ते लिहितो.

नाटक ऊन उतरल्यावर लगेच सुरू केलं, उन्हाळ्यात रात्री वरूनच लाईट कापतात म्हणून. खच्चून माणसं. उचगावची, खानापूरकडची, बैलगाड्या भरून. आमच्या वस्तीतली माणसं रस्त्याच्या पलीकडं, आप्पा आणि आई त्यात.

मला पत्रे चढवले, डोकं बसवलं, नाटकातल्या गुंडूनं पान्यानं बोल्ट आवळला. आत आपला श्वास आपल्यालाच मोठा ऐकू येतो. तेवढ्यात शामू गुरुजी आले आणि माझ्या लोखंडी पंज्यात काहीतरी दिलं. चिरांतून खालचं धड दिसत नाही. हलवलं तर वाजलं. घुंगरं.

घुंगराची काठी होती.

गुरुजी म्हणाले, शेवटच्या प्रवेशात सामी राजा गादीवर बसायला निघतो, तर तू ही आपटत पुढं चालायचं, मार्ग मोकळा करत. मग तो बसला की गुडघा टेकायचा. उठाव येतो बघ प्रवेशाला.

ती काठी काय असते ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्यातला माणूस पूर्वी ती वाजवत पाटलाच्या घोड्यापुढं पळायचा. आप्पाच्या बापानं ती चावडीपुढं ठेवून दिली आणि परत घेतली नाही. वर्षभर गावानं त्याला काम दिलं नव्हतं. पण मी त्या वेळेला हा विचार केला नाही. खरंच नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, की टी.व्ही.त काठी नाही, सिनेमात नाही, तांबड्यात नाही, पुस्तकात नाही. लोखंड्याच्या हातात काहीच नसतं, तो नुसत्या हातांनी लढतो. मी आतून सांगत होतो, गुरुजी, काठी नसते त्याला. डब्यातून आवाज बाहेर गेला नसणार. गुरुजी निघून गेले.

पडदा वर गेला. मष्णू मुकुट घालून उभा. पेटी वाजली. माझी पाळी. मी एक पाऊल टाकलं, काठी आपटली. माणसांत हशा पिकला, वाईट नव्हता, ओळखीचा. कुणीतरी माझं नाव घेतलं. आणि मष्णूनं पद सोडून आपल्या मनाचं वाक्य टाकलं, “चल रं, वाट दाव.”

मी काठी खाली ठेवली. टाकली नाही, नीट ठेवली, आडवी. मग वळलो, आणि स्टेजच्या पुढच्या पायऱ्या उतरून माणसांत गेलो. आधी टाच, मग दम खाऊन खांदा. वाट आपोआप झाली. बाया पोरं ओढून घेत होत्या. मागं पेटी वाजतच होती, मग थांबली. मग एकदम टाळ्या. त्यांना वाटलं, नाटकातच आहे. शिट्ट्या, आरोळ्या. चिरांतून मला फक्त समोरचं दिसत होतं, रस्ता, आणि पलीकडं आमची वस्ती. मी रस्ता ओलांडला.

घरी गेलो तर डोकं निघेना. बोल्ट बाहेरून. उभाच राहिलो अंगणात. मागून आप्पा आला. पाना नव्हता, पकडीनं काढायला लागला. लई वेळ लागला. आत घामानं डोळे चुरचुरत होते.

आप्पानं विचारलं, “काठी?”

“ठेवली तिथंच.”

डोकं निघालं. आप्पानं माझं तोंड दोन्ही हातांनी पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं. एवढ्यानं मला मेल्यासारखं झालं. म्हणाला, “चल, भाकरी खा.”

मी जातीवरनं चिडलो नव्हतो. गोष्ट चुकवली म्हणून चिडलो होतो. हे मी आप्पाला पण सांगितलं. तो व्हय म्हणाला.

२७ एप्रिल

सगळा मूर्खपणा आहे. गावातली पोरं आमच्या अंगणात येऊन सांगतायत, लोखंड्या काय निघून गेला. सामी पुढं गादीवरच मेला, त्याची तीन पदं झाली, गुरुजींनी स्वतः लिहिलेली, ती कुणाला आठवत नाहीत. पोरांनी ठरवून टाकलंय की खरा शेवट हाच. मी म्हटलं, अरे हा शेवट नाही, मी नुसता घरी आलो. ऐकत नाहीत.

भावकूअण्णाचा निरोप आला. हॉलच्या कौलांतून गळतं, यंदा जमायचं नाही. एप्रिल महिन्यात गळतं.

नळाजवळ भेटला. तोच म्हणाला, “बरं चाललं हुतं. तुला काय अवदसा आठवली?” मी म्हटलं, अण्णा, काठी नसते त्याला.  तो म्हणाला, “तेवढ्यासाठी?”

११ मे

उद्या निघतो. रॉमीला तार केली, खाट ठेव. मशीन इथंच. आप्पानं विहारात लावलंय. करंट पडतो, माणसं वाकडी दिसतात, तरी बसतात. पुस्तक आप्पानं मागून घेतलं. चित्रं बघून सांगतो, रोज नवीन काहीतरी. मी आता दुरुस्त करत नाही.

आईनं डब्यांचं अंग चुलीमागं उभं करून ठेवलंय. मोडीत घाल म्हटलं तर म्हणाली, असू दे, कोंबड्या बसतात.

१३ मार्च १९८७, शुक्रवार, शारजा

जवळजवळ दोन वर्षांनी ही डायरी हाताला लागली. कोरी पानंच जास्त.

आमच्या खोलीवर एक नवा माणूस आलाय, निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत होता, आता इथं बांधकामावर सेंट्रिंगला. मराठी बोलणारा मिळाला म्हणून मी खूश. आज सुट्टी, तो भात टाकत होता आणि गावाकडच्या जत्रांचं सांगत होता. म्हणाला, आता तुमच्या बेळगाव भागात एक नवीनच नाटक निघालंय, लोखंड्या म्हणून. चार-पाच गावं करतात, मी दोन ठिकाणी बघितलं. आमच्या निपाणीकडं पण बसवणार आहेत.

 तो चमचा हातात घेऊन उठला आणि करून दाखवायला लागला. पत्र्याचा गडी असतो. राजाच्या पुढं घुंगराची काठी वाजवत येतो. आणि अचानक काठी टाकतो आणि सरळ माणसांत उतरतो. त्या वेळेला काय टाळ्या पडतात म्हणून सांगू. त्या कामासाठी मारामाऱ्या होतात. पाटलाची पोरं, सरपंचाची पोरं, ज्याची वर्गणी जास्त त्याला. डोकं हातात काढून धरतात, तोंड दिसावं म्हणून.

आणि मग कुठं जातो तो, मी विचारलं.

“जातोय कुठं? मांडवाला एक फेरी मारतो, परत वर येतो, काठी उचलतो. मग राजा गादीवर बसतो.”

“परत येतो?”

“न्हाय तर मग नाटक पुढं कसं जाईल?”

मी म्हटलं, तो परत येत नाही. तसं नाही ते. तो काठी आडवी ठेवतो आणि निघून जातो, रस्ता ओलांडून. आणि परत येत नाही.

निपाणीवाला हसला. “दोन गावांत बघितलंय मी. तू कुठं बघितलास?”

रॉमी खाटेवरून माझ्याकडं बघत होता, मी एवढा का चिडलोय म्हणून. त्याला मराठी कळत नाही. मी म्हटलं, कॅसेट आहे माझ्याकडं.

“अशी कॅसेट हाय?”

“हाय.”

“मग दाव की. शुक्रवारच हाय आज.”

मी उठून भात बघितला. खाली लागायला आलता.